उवांनी शाळा बदलली तेव्हा

टिळकवाडीत आम्ही निवृत्त मंडळी संध्याकाळी जमलो की इतरांकडे नातवंडांचे, नाहीतर साखरेच्या रिपोर्टचे किस्से असतात. माझ्याकडे गेल्या वर्षभरात उवांचेच साचलेत. सांगावेत की नाही, हेही कळत नाही. तरी सांगतो.

*

जन्मभर मेडिकल कॉलेजात सामाजिक आरोग्य शिकवलं. आता उचगावच्या पलीकडच्या एका शाळेत पोरींच्या उवांसाठी जातो. पहिल्या दिवशी आयांसमोर लांबलचक भाषण दिलं. उवा अस्वच्छतेनं होत नाहीत, डोक्याला डोकं लागून पसरतात, वगैरे. शेवटी विचारलं, "कुणाच्या घरी उवा आहेत?"

एकही हात वर नाही. निम्म्या आया डोकं खाजवत होत्या.

गावची आशा कार्यकर्ती सुनंदाक्का कानाशी म्हणाली, "सर, असं इचारल्यावर कोण सांगंल? शेजारणीच्या घरी हायत का, ते इचारा."

विचारलं. सगळे हात वर.

*

एका आईचं माहेर निपाणीकडचं, तंबाखूच्या पट्ट्यातलं. तिनं लेकीच्या डोक्याला तंबाखूचं पाणी चोळलं. पोरगी ओकायला लागली, दवाखान्यात न्यावं लागलं. संध्याकाळी बरी झाली. तंबाखू कातडीतून अंगात भिनते, हे मी भाषणात सांगायला हवं होतं का?

फणी घेऊन तिला समजावायला गेलो तर तीच म्हणाली, "कळलं सर. पोरगी ओकली, उवा काय ओकल्या न्हाईत. द्या ती फणी."

*

आमचा उपाय साधा. ओल्या केसांना कंडिशनर लावायचं आणि बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत फिरवायची. तीन-चार दिवसांनी पुन्हा, असं दोन आठवडे.

चौथीतल्या वैशालीचे केस कमरेपर्यंत. तिच्या आज्जीनं बजावलं, "पंधरा दिसात गेल्या न्हाईत तर न्हाव्याला बोलावून चकोट करनार."

"मग मी शाळंला येनार न्हाय," वैशाली म्हणाली.

मी म्हणालो, "जातील, बाळ." म्हटलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

आज्जी स्वतःचं डोकं मात्र दाखवेना. नात तिच्याच कुशीत झोपायची. सुनंदाक्कानं विनवून बघितलं. "माझ्या डोक्यात? मी काय शाळंला जाते व्हय गं?"

*

वैशालीचं डोकं स्वच्छ व्हायचं आणि पुन्हा भरायचं. गाव सीमाभागातलं, त्यामुळे एकाच आवारात मराठी आणि कन्नड अशा दोन शाळा. मधल्या सुट्टीत दोन्हींकडच्या पोरी डोक्याला डोकं लावून सागरगोटे खेळतात. आमच्या हेडबाई म्हणायच्या, "कन्नड शाळेकडनं येतात." तिकडचे हेडमास्तर शुद्ध मराठीत म्हणायचे, "तुमच्याकडूनच येतात."

त्यामुळे शाळेतल्या फणीचे वारही वेगळे; मधली फणी घरी. आमचा सोमवार, त्यांचा गुरुवार. आम्ही सोमवारी काढायच्या, त्यांनी गुरुवारी काढायच्या, आणि मधल्या सुट्टीत उवांनी शाळा बदलायची.

शेवटी सुनंदाक्कानं दोघांना एकत्र बसवलं. एकच दिवस ठरला, शनिवार. मग सूचनेच्या बोर्डावर वर कुठली भाषा, यावर तास गेला. बोर्डावर नुसतं फणीचं चित्र काढलं.

*

त्या शनिवारी वैशालीचे दोन आठवडे संपत होते. आज्जीनं न्हाव्याला रविवारचा निरोप धाडलेला. वैशाली वेणी घट्ट धरून उभी होती, शेजारी आज्जी. आवारात चटया अंथरल्या, पण कुणी बसेना. मराठी आया कन्नड आयांकडे बघतायत, त्या ह्यांच्याकडे. पहिलं कुणी बसायचं?

काय करावं सुचेना, म्हणून मीच बसलो. "आधी माझं डोकं बघा." विरळ पांढऱ्या केसांत काय सापडणार?

वैशालीनं फणी घेतली. दोनदा फिरवली, पांढऱ्या फडक्यावर पुसली. सगळ्या वाकल्या.

फडक्यावर काहीतरी चालत होतं.

मागून कुणीतरी विचारलं, "ही मराठी का कन्नड?" दोन्ही हेड आभाळाकडे बघायला लागले.

आज्जी ते फडकं बराच वेळ निरखत राहिली. मग तिनं डोक्यावरचा पदर काढला, अंबाडा सोडला आणि माझ्या शेजारी चटईवर बसली. तिच्या पाठोपाठ एक कन्नड आई बसली, मग आणखी दोघी.

"सुनंदा," आज्जी म्हणाली, "न्हाव्याला सांग, उद्या येऊ नगं म्हणावं."

मी उठायला लागलो. वैशालीनं माझं डोकं दोन्ही हातांनी खाली दाबलं.

"हलू नका आजोबा. अजून एक हाय."