मनवेलपाड्याला जायची भीती

नाशिकहून एसटी निघाली तेव्हा मनातून वाटत होतं, घाटात गाडी बंद पडावी. म्हणजे परत फिरायला निमित्त मिळेल. पण गाडी धडधाकट होती. मोखाडा गेलं, जव्हार गेलं. कापणी झालेली भातखाचरं, उतारावर वाळत घातलेला पेंढा, मध्येच एखादं साग-पळसाचं रान. पूर्वी याच रस्त्याने नाशिकला नोकरीवर जाताना मी खिडकी सोडत नसे. या वेळी डोळे मिटून जपमाळ ओढत बसलो होतो, आणि मणी पुढे सरकत नव्हते.

दुपारी वसईत उतरलो. होळी नावाच्या भागात भाजीच्या वाड्या अजून थोड्या तग धरून आहेत. रस्त्याकडेला एक बाई सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी) विकत होती. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून एक पुडा घेतला. रिक्षाने कोळीवाड्यात पोहोचलो. बांबूंच्या मांडवांवर बोंबील लटकत होते आणि वास तोच होता. पेद्रू कोळ्याचं जुनं घर मात्र नव्हतं. तिथे दुमजली इमारत उभी होती.

बोंबील उलटवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला विचारलं, "पेद्रूची मुलगी फिलोमीना कुठे असते?"

"ती व्हय? आयेला घेऊन मनवेलपाड्याला गेली, बिल्डिंगीत. तुमी कोन?"

"मी तिला धर्मशिक्षण शिकवायचो."

"मंग तुमीच ते मास्तर! पोरं लय भ्यायची तुमाला. मारत व्हते काय?"

"नाही हो. कधी हात लावला नाही."

"मंग काय करत व्हते?"

मी रिक्षात जाऊन बसलो.

काय करत होतो, ते इथे लिहितो. मिस्साबलीत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तशरीर (पवित्र केलेली भाकर) स्वीकारण्यापूर्वी तासभर काही खायचं नाही, असा आमच्या कॅथलिक चर्चचा नियम आहे. फिलोमीनाने पहिल्यांदा ख्रिस्तशरीर स्वीकारलं त्या दिवशी पहाटे पेद्रूने तिला एक गरम फुगा (तळलेला गोडसर पाव) भरवला होता. दुसऱ्या दिवशी वर्गात पोरीने ते हसत हसत सांगितलं. मी तरुण होतो, शिस्तीचा अभिमान होता. सगळ्या मुलांसमोर म्हणालो, "देवाचा असा अपमान करणाऱ्याच्या घरावर संकट येतं."

त्याच आठवड्यात पेद्रूची बोट वादळात बुडाली.

पेद्रूच्या मरणानंतरच्या प्रार्थनेला घरी गेलो तेव्हा फिलोमीना कोपऱ्यातून माझ्याकडे पाहत होती. मिस्सा उशिराची होती. पहाटेचा फुगा आणि ख्रिस्तशरीर यांत तासाहून कितीतरी जास्त वेळ गेला होता. नियम मोडलाच नव्हता, आणि मोडला असता तरी देव लेकराचा बाप नेत नाही. हे मला तेव्हाच ठाऊक होतं. जवळ जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. पुढे माझी नाशिकला बदली झाली. ती त्यानंतर कधी ख्रिस्तशरीर घ्यायला उठली नाही, हे इतक्या वर्षांनी तिच्या वर्गातल्या एकाकडून मला अलीकडे कळलं.

विरार पूर्वेला रिक्षावाल्याने अलीकडे फुलपाड्यालाच रिक्षा थांबवली. "काका, पुढे रस्ता खोदून ठेवलाय. चालत जा, जवळच आहे. टेन्शन नाय."

मला तेवढाच उशीर हवा होता. पाण्याचे टँकर, शिकवणीच्या पाट्या, एकाला एक चिकटलेल्या इमारती. दोनदा चुकलो आणि दोन्ही वेळा बरं वाटलं. शेवटी विचारत विचारत घर सापडलं, दारावर लहानसा क्रूस होता. बेल दाबली.

दार फिलोमीनानेच उघडलं. केस पांढरे झाले होते. "सर?" एवढंच म्हणाली आणि बाजूला झाली. आत पलंगावर तिची आई, मार्थाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या.

चहा आला. तो न घेताच मी सगळं सांगितलं. मिस्सा उशिराची होती, नियम मोडला नव्हता, मी खोटं बोललो होतो. बोलताना तिच्याकडे बघवेना.

फिलोमीना हळू आवाजात म्हणाली, "फादरांनीही मला हेच सांगितलं होतं, सर. पाप नाही म्हणाले. डोक्याला पटलं, पण पाय उठत नाहीत. दर रविवारी ख्रिस्तशरीरासाठी रांग सुटते, मी बाकावरच असते. जाणं मात्र सोडलं नाही. वाटतं, एखाद्या रविवारी पाय उठतील."

मार्थाबाई पलंगावर सरळ बसल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, माज्या घरवाल्याला वाऱ्यानं नेला. मी रोज सांगायची हिला. पन मी अडानी, तुमी मास्तर. तुमचंच खरं." त्या थोडं पुढे सरकल्या. "आनी ती गोष्ट तुमी पुढल्या पोरांना बी सांगत व्हता. फुगा खाल्ला नि बाप बुडाला. माज्या कानावर आलीय ती. ते नाय सांगितलं आता?"

तेवढं सोडून बाकीचं कबूल करायचं, असं मी घाटातच ठरवलं होतं.

"सांगत होतो," मी म्हणालो. "नाव घ्यायचो नाही. नाशिकलाही सांगितली. वर्षानुवर्षं. मुलं गप्प बसायची म्हणून."

फिलोमीना उठून आत गेली. संपलं सगळं, असं समजून मी पिशवी उचलली.

"बसा," मार्थाबाई म्हणाल्या. "प्रार्थनेच्या टायमाला आमच्यात कोन उठून जात नाय. आनी चहा निवला तुमचा. मास्तर असून चहा टाकतात!"

फिलोमीना मेणबत्ती घेऊन बाहेर आली. डोळे लाल होते. रोझरीत (जपमाळेच्या प्रार्थनेत) एकाने आरंभ करायचा आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. आयुष्यभर आरंभ मीच केला आहे. सवयीने तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "सर, आज मी सांगते. तुम्ही उत्तर द्या." पहिल्या दहा मण्यांच्या आधी ती थांबली. "सरांनी ज्यांना ज्यांना ती गोष्ट सांगितली, त्या सगळ्यांसाठी." मी उत्तर देत राहिलो. अडखळलो की मार्थाबाई माझ्या वाटचंही म्हणत होत्या.

निघताना जिन्यात मी विचारलं, "रविवारी उठशील ना, बाळ?"

"ते मला नका विचारू, सर. मी एवढी वर्षं आशेवर आहे. तुम्हीही थोडे दिवस राहून बघा."

परतीच्या गाडीत भीती बरोबर होतीच. फक्त आतापर्यंत मी शिक्षेला भीत होतो. आता भीती वाटते ती नाशिकच्या त्या बाकांची, जिथे कोणीतरी अजून रांग सुटताना बसून राहत असेल. देवाची भक्ती म्हणून मी मुलांना देवाचा धाक शिकवला. भक्ती म्हणजे काय, ते पाय उठत नसतानाही दर रविवारी जाणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीकडून या वयात शिकतो आहे.

म्हणून हे आपल्या नाशिकच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) अंकात छापायला देतो आहे. माझ्या वर्गात बसलेले तुम्ही आता आईबाप झाला असाल, कुणी आजीआजोबाही. ती गोष्ट मी तुम्हालाही सांगितली आहे. पेद्रूची बोट वादळाने बुडाली. त्याच्या मुलीने काहीही चुकीचं केलं नव्हतं. तुमच्यापैकी कुणी माझ्यामुळे बाकावर बसून राहत असेल, तर मला घरी बोलवा. मी येईन.