दुसऱ्या टाकीतले बुडबुडे

शहराचं सांडपाणी आमच्या शुद्धीकरण केंद्रात येतं. पहिल्या टाकीत त्याला भरपूर हवा देतात. तिथले जिवाणू मूत्रातला, धुण्याभांड्यांतला अमोनिया खाऊन त्याचं नायट्रेट करतात. मग ते पाणी दुसऱ्या टाकीत जातं. तिथे हवा द्यायची नाही. पाण्याखाली एक पंखा हळूहळू फिरत राहतो, थोडं कच्चं सांडपाणी अन्न म्हणून सोडलं जातं, आणि हवेवाचून कोंडलेले दुसरे जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात. उरलेला नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. एवढीच करामत. पण अट एकच: दुसरी टाकी शांत पाहिजे.

ही शांत टाकी आम्हाला बघवली नाही. मागच्या दसऱ्यापासून मी तिच्यात हवा सोडत होतो.

आमचे व्यवस्थापक भोईवाड्यातले, मी लालबागचा. दोघांचेही वडील कापडगिरणीत कामगार. लहानपणी ‘बंद’ हा शब्द ऐकला की घरात चूल गप्प व्हायची. माग बंद, खातं बंद, शेवटी गिरणीच बंद. त्यामुळे न हलणारं यंत्र दिसलं की आमचा हात आधी बटणाकडे जातो. आमच्या केंद्रावर दसऱ्याला हवा फुंकणाऱ्या ब्लोअरला झेंडूचा हार घालतात, त्याच्यापुढे नारळ फोडतात. पाण्याखालच्या पंख्याला हार घातल्याचं मी कधी पाहिलं नाही. तो दिसतच नाही, तर त्याला हार कोण घालणार?

त्या दसऱ्याला वरचे पाहुणे यायचे होते. कठड्यांना रंग दिला होता, कुंड्या मांडल्या होत्या. व्यवस्थापक दुसऱ्या टाकीपाशी थांबले.

“अरे, ही मेलेली दिसते.”

“सर, तिला असंच राहायचं असतं.”

“ते तुला माहीत, मला माहीत. येणाऱ्याला काय माहीत? म्हणेल, एवढा पैसा खर्च केला आणि अर्धी मशिनरी झोपलीय. थोडी हवा सोड ना. बुडबुडे दिसले की माणसाचं मन भरतं.”

“नायट्रेट वाढेल.”

“एका दिवसात काय आभाळ कोसळणार आहे?”

सफाईसाठी एक जुनी हवेची नळी टाकीच्या तळाशी होतीच. मी तिचा व्हॉल्व्ह उघडला. टाकी उकळल्यासारखी फसफसली, पाहुणे आले, व्यवस्थापकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दुसऱ्या दिवशी मी व्हॉल्व्ह बंद करायला गेलो, तर त्यांनी हात धरला. आठवड्याने कुठल्याशा शहराचं पथक येणार होतं. मग शाळेची सहल. मग आणखी कोणी. पुढे कोणी येणार नसलं तरी व्हॉल्व्ह उघडाच राहिला आणि तो बंद करण्याचा विषय मीही काढेनासा झालो. प्रयोगशाळेतल्या ताईंनी दोनदा सांगितलं की बाहेर समुद्रात जाणाऱ्या पाण्यात नायट्रेट चढलंय. व्यवस्थापक म्हणाले, “अमोनिया कमी आहे ना? मग झालं.” मी मान डोलावली. आजही ती मान आठवली की मला स्वतःची किळस येते.

माझी सासुरवाडी माहीमच्या कोळीवाड्यात. सासूबाई ओहोटीला खडकांवर जाऊन शिंपल्यांतली कालवं काढतात. पूर्वी विकायच्या, आता घरापुरती, आणि एक वाटा करी रोडला आमच्याकडे. यंदा कालवांचा डबा आला नाही. रविवारी भेटायला गेलो तेव्हा त्या मला खडकांवर घेऊन गेल्या. वितळलेल्या मेणासारखं हिरवंगार शेवाळ सगळीकडे पसरलं होतं. पाय टेकवायला जागा नव्हती. सासूबाईंनी एका ठिकाणी ते सोलून काढलं. खाली कालवं होती, पण मेलेली, रिकामी.

“बगा जावयबापू, मुंबईने गालिचा घातलाय आमच्यासाठी,” त्या म्हणाल्या. “तुमी पाणी साफ करता ना? मंग हे खत कोन टाकतंय?”

त्या थट्टाच करत होत्या. मी बायकोकडे पाहिलं, तिने दुसरीकडे पाहिलं. तिला व्हॉल्व्हचं माहीत होतं.

हे शेवाळ आमच्याच टाकीचं, असं मी म्हणू शकत नाही. तिथे कितीतरी नाले तसेच येऊन पडतात, त्यांना ना पहिली टाकी ना दुसरी. पण नाल्यांकडे बोट दाखवून स्वतःच्या टाकीवर पांघरूण घालायचं, हा धंदा आपण सगळेच करतो आणि तो मला आता सहन होत नाही. नायट्रेट म्हणजे खतच; शेतकरी दुकानातून विकत आणतो तेच आपण समुद्राला ओततो. का, तर बुडबुडे छान दिसतात. ज्या टाकीवर एवढी अक्कल खर्च झाली ती आम्ही कारंजं म्हणून वापरली.

पुढच्या पाहणीच्या सकाळी मी व्हॉल्व्ह बंद केला. टाकी हळूहळू निवली. पाहुण्यांच्या गाड्या फाटकातून आत येत असताना व्यवस्थापकांना ते दिसलं.

“काय केलंस रे हे?”

“विचारलं तर मी सांगतो. बंद नाही, चालू आहे, असं सांगतो.”

“तू मला घालवणार आज.”

मी तयारी करून उभा होतो. अमोनियापासून नायट्रोजनपर्यंत सगळं सोप्या मराठीत, मनात घोकलेलं. पाहुणे आले. पहिल्या टाकीपाशी फोटो काढले. दुसऱ्या टाकीपाशी पोचले तेव्हा त्यांतले मुख्य साहेब फोनवर बोलत होते. बोलत बोलत कठड्याला रेलले, टाकीकडे पाठ करून. फोन संपला तसं विचारलं, “चहा इथेच आहे का आत?”

एवढंच.

एवढ्यासाठी आम्ही टाकी मारली होती. ज्या डोळ्यांच्या धाकाने मी मान डोलावली, त्या डोळ्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कोणी मला झापलं असतं तर बरं वाटलं असतं.

गाड्या गेल्यावर व्यवस्थापक खुर्चीत बसले, घाम पुसला. “वाचलो. उद्या सोड परत हवा.”

“आज कोणी पाहिलं का, सर?”

“आज नाही पाहिलं. उद्याचा पाहील.”

मी बाहेर गेलो, पान्याने व्हॉल्व्ह उघडायचं चाकच काढलं आणि डब्याच्या पिशवीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापक टाकीपाशी माझी वाट बघत उभे होते.

“चाक कुठंय?”

“घरी.”

“बदली होईल तुझी.”

“होऊ दे. चाक घेऊनच जाईन.”

ते कठड्यावरून पाण्याकडे वाकले. म्हणाले, “च्यायला, गिरणी बंद पडल्यासारखं वाटतं रे.” मलाही तसंच वाटत होतं.

बदलीचं अजून काही आलेलं नाही. ताई सांगतात, नायट्रेट उतरायला लागलंय. चाक आमच्या स्वयंपाकघरात, पोळपाटाच्या मागे आहे. सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी ते उचलून पाहिलं. बायकोने सगळं सांगितलं, माझ्यादेखत, काही न गाळता. सासूबाईंनी ऐकलं आणि चाक जागेवर ठेवलं. जावयबापू म्हणाल्या नाहीत. निघताना दारात म्हणाल्या, “माझ्या खडकावर कालवं लागतील तवा डबा धाडीन. तवर मागू नका.”

मी मागणार नाही.