ग्रहणाचं दान

साहेबांनी माझ्या हातात पिशवी दिली. सुपरमार्केटची, प्लॅस्टिकची. आत तांदूळ आणि त्यांचा जुना शर्ट.

"घे. ग्रहण लागलंय. तुमचा मान आहे."

ओमानमधल्या सोहार शहरात त्यांच्या घराचं अंगण. सकाळची वेळ. मराठी मंडळाची दहाएक कुटुंबं जपासाठी जमलेली, व्हरांड्यात उभी. माझ्या दुसऱ्या हातात वेल्डिंगच्या काचा होत्या. चौदा नंबरच्या, सगळ्यात काळ्या. पोरांना सूर्य दाखवायला आणलेल्या. कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

दोन हजार एकोणीस साल. मी तिथल्या औद्योगिक वसाहतीत वेल्डर. साहेब आमच्याच कारखान्यात इंजिनियर, आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मंडळाचे गुरुजी. सत्यनारायण, वास्तुशांत, सगळं त्यांच्याकडे. मला आकाशाचं वेड त्यांनीच लावलं. जेवणाच्या सुट्टीत वहीत आकृत्या काढून चंद्राची सावली समजावली. म्हणाले, "ग्रहण पोरांना तूच दाखव. मी आहे ना."

त्या भरवशावर मी त्यांना एक गोष्ट सांगितली. ओमानात दुसऱ्या कोणालाच नाही. मी मांग. राहू-केतू आमच्या जातीचे म्हणे, म्हणून ग्रहणात दान मागणं आमच्या वाट्याला. आई टोपली घेऊन गावभर ओरडायची, "दे दान, सुटे गिराण!" मी तिच्यामागे. लोक लांबून, वरून टाकायचे. ऐकताना साहेबांचे डोळे भरले होते. मला वाटलं, हा माणूस आपला.

आदल्या दिवशी मंडळातल्या जाणत्यांनी त्यांना फैलावर घेतलं, हे मला नंतर कळलं. गुरुजीच ग्रहणाचं सूतक मोडून पोरांना सूर्य दाखवणार? मग पूजा कशाला सांगता? मान जातोय म्हटल्यावर साहेब फिरले. मला कळवलंही नाही. पिशवी मात्र भरून ठेवली.

"साहेब, तुम्हीच बोलावलं होतं ना?"

"मी? कधी? अरे, तुम्ही ग्रहणात मागायचं असतं. शिकवायचं नसतं."

माझं गुपित त्यांनी माझ्याच तोंडावर मारलं. शिवी असती तर गिळली असती. शिव्यांची सवय होती.

मी पिशवी त्यांच्या पायाशी ठेवली. मोठ्यानं म्हणालो, "हो, मी मांग आहे. वर राहू नाही, केतू नाही. चंद्राची सावली आहे. साहेबांना हे माझ्याआधीपासून माहीत आहे."

आता कोणी हसलं नाही. पोरांना आत ओढलं. एकाही पोरानं सूर्य पाहिला नाही. अंगणातल्या कडुनिंबाखाली पानांच्या फटींतून ग्रासलेल्या सूर्याचे कवडसे पडले होते, प्रत्येक विळ्यासारखा वाकलेला. साहेब त्यांच्यावरूनच चालत आत गेले आणि दार लावून घेतलं.

मी बाहेर एकटा उभा राहिलो. सूर्य पुरा सुटेपर्यंत पाहिला. तिथंच ठरवलं. पुढच्या ग्रहणाला गावी जाईन. ज्या आळीत आई ओरडायची, तिथंच भर रस्त्यात काचा घेऊन उभा राहीन. आधी जात सांगेन, मग काच देईन. ज्याला विटाळ वाटेल त्यानं खुशाल अंधारात बसावं. आमच्या टोपलीत आता कोणाचं काही पडणार नाही.