सनईखालचा आवाज

बायको गेली त्याला सव्वादोन वर्षं झाली आणि तिचा आवाज मला आठवेनासा झाला. चेहरा आठवतो, चालणं आठवतं, भाकरी थापायच्या आधी बांगड्या कोपराकडे सारायची ती लकबही आठवते. पण ‘अहो’ म्हणताना ती नेमकं कसं म्हणायची, ते काही केल्या कानाला सापडेना. याची मला भीती वाटली. म्हणून एका दुपारी मी माळ्यावरून जुना व्हिडिओ कॅमेरा काढला.

आगपेटीपेक्षा जरा मोठ्या कॅसेटी घेणारा कॅमेरा. महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला होतो तेव्हा हौसेनं घेतलेला. सोबत नऊ कॅसेटी. बॅटरी मेली होती, पण चार्जर लावल्यावर गडी सुरू झाला. यूएसबीची वायर लॅपटॉपला जोडली, तर लॅपटॉपला दिसले फक्त कॅमेऱ्यातल्या कार्डावरचे चार फोटो, त्यातला एक माझ्याच अंगठ्याचा. कॅसेटीचा पत्ताच नाही. मुलीला बंगळुरूला फोन लावला.

“बाबा, दुकानात द्या ना, ते करून देतात,” ती म्हणाली आणि तिची मीटिंग सुरू झाली.

तिचं बरोबरच होतं. पण बायकोचा आवाज माझ्याआधी दुकानदारानं ऐकावा, हे मला नको होतं.

भोसरीत एक चाचा आहेत, जुने टीव्ही आणि टेप दुरुस्त करणारे, माझ्याच वयाचे. बस धरून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी कॅमेरा उलटापालटा करून पाहिला.

“भाऊ, कॅसेटीतलं चित्र या वायरीतून येत नसतं. त्याची वायर वेगळी, आणि ती लावायची जागा तुमच्या नव्या लॅपटॉपला नाही. ही पिवळी-लाल-पांढरी वायर घ्या, मधे ही डबी लावा, डबी लॅपटॉपला. आणि घाई करू नका राव. तासाची कॅसेट तासभरच चालणार.”

ते काही खोटं नव्हतं. फाइल उचलून टाकावी तसं हे काम नाही. कॅसेट चालते, लॅपटॉप ती टिपून घेतो आणि आपण समोर बसून राहायचं. मोशीच्या त्या फ्लॅटमध्ये मला दुसरं काम तरी काय होतं? आठ दुपारी आठ कॅसेटी पाहिल्या. मुलीचं स्नेहसंमेलन, आळंदीचा घाट, कुणाकुणाची बारशी. बायको प्रत्येकीत आहे. हसते, हात करते, मुलीच्या वेण्या सारख्या करते. बोलत मात्र नाही. कॅमेरा माझ्या हातात दिसला की ती ओठ मिटून घेते, कधीकधी इतरांनाही बोटानं गप्प करते. कॅमेरा चालू असताना घरात कुणी बोलायचं नाही, हा नियम माझाच. बॅकग्राउंडला आवाज आला की मला खपत नसे.

राहिली नववी. खरं तर ती पहिली, याच फ्लॅटच्या वास्तुशांतीची. त्या दिवशी ती बोलली होती हे मला पक्कं आठवत होतं, म्हणून ती कॅसेट मी शेवटाला राखून ठेवली होती. लावली, तर सुरुवातीपासून नुसती सनई.

मग आठवलं. पुढच्याच आठवड्यात मी हौसेनं बसून त्यावर सनई चढवली होती. मूळ आवाजात भांडी होती, मिक्सर होता आणि तिचं बोलणं होतं. कंपनीत एखादा पीस बिघडला की पाच वेळा ‘का’ विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं, असं आम्हाला शिकवलं होतं. इथं दुसऱ्याच ‘का’ला मी सापडलो. आयुष्यभर माल पास-रिजेक्ट करणाऱ्या माणसानं घरी येऊन बायकोचा आवाज रिजेक्ट केला होता. स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

पुन्हा भोसरी. चाचांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कॅसेटीत आवाजाच्या दोन वेगळ्या पट्ट्या असतात. सनई दुसरीवर चढलेली असते. मूळ आवाज पहिलीवर तसाच असणार.”

“पुसला गेला असेल तर?”

“पुसला जायचा असता तर कॅमेऱ्यानं सनई चढवूच दिली नसती. मेनूत जाऊन दोनचं एक करा. इथंच लावून बघू?”

“नको. घरी बघतो.”

त्यांनी कॅमेरा परत माझ्याकडे सरकवला.

घरी आलो, चहासुद्धा केला नाही. मेनूत दोनचं एक केलं. सनई गेली. आधी भांडी आली, मग मिक्सर, आणि मग ती.

“अहो, ठेवा की तो कॅमेरा. दूध वर आलंय बघा. उतू जाताना दोघांनी मिळून बघायचं असतं. या ना इकडं.”

तोच आवाज. मला वाटत होता त्यापेक्षा जरा जाड आणि हसरा. मी रडलो. लपवायला घरात कुणी नव्हतंच.

तेवढ्यात माझा आवाज आला, माइकच्या अगदी जवळून, भला मोठा.

“तू मधेमधे बोलू नकोस गं. सगळं रेकॉर्डिंग खराब होतंय.”

“बरं,” ती म्हणाली.

त्यानंतर त्या कॅसेटीत ती बोललेली नाही. दूध उतू जातं, जमलेल्या बायका हसतात, आणि नव्या शेगडीपाशी ती कॅमेऱ्याकडे बघत उभी राहते. मी कॅसेट मागं घेतली आणि पुन्हा लावली, मग पुन्हा. कितीही वेळा लावली तरी मी कॅमेरा खाली ठेवत नाही आणि तिच्याकडे जात नाही.