सहा ते आठ दार मोकळं

मोरिवाकींनी सत्तावीस वर्षांत नऊशेवर घरांत चोरघंटा बसवल्या. माणूस कामाला वाघ, बोलायला मात्र कंजूष. कंपनीच्या छापील फॉर्मवरचे प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची आणि शिडीवर चढायचं, एवढंच त्यांचं गिऱ्हाइकाशी संभाषण. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, तेव्हा जपानातल्या शिमानेच्या डोंगरातल्या एका खेड्यातलं किनुए आजींचं काम त्यांच्याकडे आलं.

शेजारच्या खोऱ्यात चोरी झाली होती. ओसाकात राहणारा आजींचा मुलगा नोरिआकी घाबरला आणि त्याने फोनवरच यंत्र मागवलं. त्र्याऐंशी वर्षांच्या आईला काही विचारलं नाही. काळजी करणाऱ्या मुलांना तेवढी उसंत कुठे असते! मोरिवाकींनी फॉर्म काढला. घरात माणसं किती? आजी म्हणाल्या, एक. त्यांनी एक लिहिलं. सरकत्या दाराला चुंबकाची पट्टी लावली, भिंतीवर बटणांची पेटी, छपराखाली भोंगा. निजताना हे बटण दाबायचं, सकाळी उठल्यावर चार आकडे. आकडे दाबण्याआधी दार उघडलं की भोंगा वाजणार. आजींकडून सगळं तीनदा करून घेतलं आणि त्यांनी गाडी काढली.

आता त्या गावात सकाळी शेजारीण दार सरकवते, भाजी आतल्या पायरीवर ठेवते, वाटलं तर हाक मारते, नाहीतर तशीच निघून जाते. कुणी कडी लावत नाही. फॉर्मवर याचा प्रश्नच नव्हता. मोरिवाकी स्वतः अशाच गावात वाढलेले, तरी त्यांना हे सुचलं नाही, याची लाज त्यांना पुढे कायम वाटत राहिली. तिसऱ्याच दिवशी आजी आकडे दाबायला विसरल्या, आणि सातच्या सुमारास पलीकडच्या हात्सुकोबाईंनी वांगी घेऊन दार सरकवलं.

दहा दिवसांनी आजींचा फोन आला. यंत्र चांगलं आहे, तक्रार काही नाही, फक्त ते काढून न्या, म्हणाल्या. हात्सुको आता आत येत नाही, भाजी फाटकाला अडकवून जाते. कधीकधी संध्याकाळी लक्षात येतं, की आज आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही.

मोरिवाकी मिठाईचा खोका घेऊन आधी हात्सुकोबाईंकडे गेले, कमरेत वाकले आणि चूक आपली असल्याचं सांगितलं.

"तुमची कसली चूक? यंत्रानं त्याचं काम केलं," हात्सुकोबाई चहा ओतत म्हणाल्या. "चाळीस वर्षं त्या दारातनं जातेय मी. पण भोंगा झाला, सगळी आळी बाहेर आली, आणि सगळ्यांनी आधी माझ्या हातांकडे बघितलं. किनुएताईनंसुद्धा."

चहा संपवून मोरिवाकी गाडीत येऊन बसले आणि त्यांनी नोरिआकीला फोन लावला, कारण करार त्याच्या नावावर होता. सकाळी सहा ते आठ दार मोकळं ठेवायची परवानगी त्यांनी मागितली. तो वैतागला. मग हे बसवलंय कशाला, असं विचारू लागला.

"साहेब, तुमच्या आईला चोराची भीती नाही," मोरिवाकी म्हणाले. "कुणी येणारच नाही, याची आहे."

मग तो हळूच म्हणाला, करा.

त्यांनी पेटीत वेळा भरल्या, स्वतः दार दहादा सरकवून पाहिलं आणि दोघींना समजावून सांगितलं. हात्सुकोबाईंनी मान डोलावली. तरी दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही मोरिवाकी पहाटेच आले आणि आजींच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. आजींनी स्वतःसाठी आणि हात्सुकोबाईंसाठी दोन पेले काढून ठेवले होते. त्यांचा कान दाराकडे लागलेला पाहून मोरिवाकींनी पेटीतल्या वेळा पुन्हा एकदा तपासल्या.

सातला पावलं वाजली. दाराच्या धुरकट काचेवर सावली पडली, हात वर आला, दारापाशी थांबला. मग बेल वाजली. पोस्टमनखेरीज ती बेल कधी कुणी वाजवत नसे.

आजी उठल्या. त्यांनी केस सारखे केले, ओले हात पुसले, पाहुणा आल्यावर करतात तसं.

"कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"मी, शेजारची हात्सुको," बाहेरून उत्तर आलं. "आत येऊ का?"