पापण्यांचं औषध आणि नानांचं लॉगबुक

"नाना, थेंब रोज टाकता ना?"

"टाकस ना मॅडम."

मी प्रेशर पुन्हा तपासलं. उजवा डोळा अठ्ठावीस, डावा तीस. चार महिन्यांपूर्वी दोन्ही सोळावर होते. तेव्हा मी स्वतःवरच खूश झाले होते.

मी जळगावात डोळ्यांची डॉक्टर आहे. डोळ्याचं प्रेशर म्हणजे आतल्या पाण्याचा दाब. तो वाढत राहिला की डोळ्यामागची नस वाळत जाते. हाच काचबिंदू. यात दुखत नाही, समोरचं नीट दिसत राहतं, नजर कडेनं कमी होते. पेशंटच्या लक्षात येईपर्यंत बरीच गेलेली असते आणि गेलेली परत येत नाही. म्हणून रात्री एकेक थेंब, जन्मभर.

नाना मूळचे धुळ्याकडचे. दीपनगरच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये नोकरी झाली आणि निवृत्तीनंतर नशिराबादला घर बांधलं. बरोबर त्यांची मुलगी वैशाली होती. जावई अपघातात गेल्यापासून ती माहेरी असते. घराच्या पुढच्या खोलीत तिनं ब्युटी पार्लर काढलंय.

मी जरा तापले होते. औषध घेऊन प्रेशर इतकं वाढतं तेव्हा दोनच शक्यता असतात. एक तर औषध काम करत नाही, किंवा पेशंट थापा मारतोय. माझा अनुभव दुसऱ्या शक्यतेच्या बाजूचा.

"औषध बदलू, नाहीतर ऑपरेशन करू," मी म्हटलं.

"ऑपरेशन?" वैशाली घाबरून पुढे झुकली. दिव्याचा उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला आणि मला तिच्या पापण्या दिसल्या. लांब, काळ्याभोर, वर वळलेल्या. पार्लरवालीच्या खोट्या पापण्या असतील, असं मी धरून चालले. मग नानांकडे पाहिलं. त्यांच्या पापण्या मागच्या वेळेपेक्षा विरळ होत्या. ते मला खटकलं.

"नाना, थेंबांची नोंद ठेवता का कुठे?"

वैशालीच हसली. "नोंद? अहो, घरातल्या टाकीत पाणी किती आहे तेही लिहितात."

नानांनी पिशवीतून वही काढली. तारीख, वेळ, शेरा. वीजकेंद्रात दर तासाला रीडिंग लिहायचं असतं, त्याला लॉगबुक म्हणतात. चाळीस वर्षांचा हात, तो काही सुटत नाही. रोज रात्री नऊची नोंद होती. एका ओळीत बरोबरची खूण, पुढच्या ओळीत 'वै.'. पुन्हा खूण, पुन्हा 'वै.'. पानंच्या पानं तसंच.

"हे 'वै.' काय आहे?"

नाना छताकडे बघायला लागले. तोंडानं थाप मारणं त्यांना जमलं होतं, पण लॉगबुकात खोटं लिहिणं नाही जमलं.

"एक दिन माले, एक दिन तिले," ते हळूच म्हणाले.

वैशालीचा चेहरा उतरला. "नाना, तुम्ही तर म्हणाला होतात की बाटलीत महिन्याअखेर खूप उरतं!"

मग सगळं बाहेर आलं. रील्स बघून नवऱ्या मुली पार्लरमध्ये पापण्या वाढवायचं सीरम मागतात. वैशालीनं एक ऑनलाइन मागवलं होतं. त्यानं पापण्या चमकल्या, वाढल्या मात्र नाहीत. तेव्हा नानांनी आपली बाटली तिच्यापुढे ठेवली. आधी तिनं स्वतःला लावून पाहिलं. दोन महिन्यांत पापण्या अशा आल्या की गिऱ्हाइकंच विचारायला लागली. मग बारीक ब्रशनं तीन नवऱ्या मुलींना लावलं.

"कोणी सांगितलं तुला हे थेंब पापण्यांना लावायला?" माझा आवाज चढला.

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम्हीच ना मॅडम. मागच्या वेळी."

मला आठवलं. नानांच्या पापण्या दाट झाल्या होत्या आणि मी मोठ्यानं हसत म्हणाले होते, "नाना, या पापण्यांसाठी पोरी जीव टाकतात, तुम्हाला थेंबांबरोबर भेट मिळाल्या!" मला माझे विनोद फार आवडतात. त्या क्षणी मात्र तोंड लपवावंसं वाटलं.

विनोद खोटा नव्हता, अडचण तीच आहे. काचबिंदूच्या या जातीच्या थेंबांनी पापण्या खरंच वाढतात. त्यावरूनच पापण्यांसाठीही औषध निघालं. ते डॉक्टरनं डोळे तपासून द्यायचं आणि रात्री वरच्या पापणीच्या मुळाशी लावायचं. गुण येतो, पण लावाल तोवरच. बंद केलं की काही महिन्यांत पापण्या पहिल्यासारख्या. शिवाय डोळे लाल होतात, खाजतात, पापणीची कातडी काळवंडते, काहींचा डोळा आत गेल्यासारखा दिसतो. घाऱ्या डोळ्यांचा रंग तपकिरी होऊ शकतो आणि तो मात्र औषध थांबवूनही परत येत नाही. बाजारातल्या सीरमचं तर सांगणंच कठीण. काहींत नुसतं तेल-कंडिशनर, काहींत याच जातीचं औषध, आणि बाटलीवर ते स्पष्ट लिहिलेलं असेलच असं नाही. वैशालीच्या त्या ऑनलाइन बाटलीवर फुलांचं चित्र होतं, आत काय आहे ते कुठेही नव्हतं.

"तिघींना एकच ब्रश?"

"धुवत होते मी." मग खाली बघून म्हणाली, "एकीचे डोळे लाल झालेत. घारी आहे ती. लग्न दहा दिवसांवर आलंय."

"उद्या तिघींना घेऊन ये."

नानांना फील्ड टेस्टला बसवलं. या तपासणीत समोरच्या पडद्यावर इकडे तिकडे बारीक उजेड लागतो. दिसला की बटण दाबायचं. डाव्या बाजूला उजेड लागत होते आणि नानांचा अंगठा स्वस्थ होता. वैशाली मागे उभी राहून तो अंगठा बघत होती. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"डाव्या हाताला ठेवलेला चहा परवा त्यांनी सांडला," ती म्हणाली. "मी ओरडले त्यांच्यावर." आणि ती रडायला लागली.

नाना मशीनमधून हनुवटी काढत म्हणाले, "रडू नको बेटा. माले काहीच तरास नही. तुनं दुकान चालाले पाहिजे."



दुसऱ्या दिवशी वैशाली तिघींना घेऊन आली. त्यांच्या आयांसमोर तिनं स्वतः सगळं सांगितलं. तिला ते सोपं गेलं नाही. एक आई बोलू नये ते बोलली, वैशालीनं ऐकून घेतलं. दोघी ठीक होत्या. घाऱ्या मुलीच्या पापण्यांच्या कडा सुजल्या होत्या, त्या लग्नाआधी उतरल्या. डोळ्यांचा रंग जुन्या फोटोशी ताडून पाहिला, तो बदललेला नव्हता. पार्लरच्या बोर्डावरून 'पापणी सीरम' वैशालीनं त्याच संध्याकाळी पुसलं.

सहा आठवड्यांनी नाना पुन्हा आले. प्रेशर सतरा. आता वैशाली स्वतः थेंब टाकते आणि शेऱ्याच्या रकान्यात सही करते. फील्ड मात्र होतं तसंच राहिलं. डाव्या कडेचा तेवढा तुकडा गेला तो गेलाच. गाडी चालवणं मी बंद करायला लावलं.

नोंदी बघताना मी सहज मागची पानं उलटली. त्या विनोदाच्या दिवसाची तारीख सापडली. पुढे नानांच्या टपोऱ्या अक्षरात, एखाद्या साहेबाची ऑर्डर उतरवावी तसं लिहिलं होतं: 'सकाळी ११.२०. मॅडमनी सांगितले, या औषधाने पापण्या वाढतात.'

मी त्या पानावर वरखाली शोधलं. एक दिवसाआड टाकलं तर नजर जाईल, हे कुठेही नव्हतं. नानांकडून नोंद राहून जाणं शक्य नाही. ते मी बोललेच नव्हते.

आता पेशंट खुर्चीत बसला की ते आधी सांगते, त्याच्याकडून वदवून घेते. विनोद त्यानंतर, वेळ उरला तर.