पिल्लाचे दुधाळ डोळे

मलकापुरात पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून देणारा एक वाइंडिंगवाला आहे. माणसांशी कमी बोलतो, मोटारीला मात्र "बाई" म्हणतो. उसाचं पाचट पेटवलं तेव्हा भाजलेलं धामणीचं पिल्लू त्याने उचलून आणलं. जखम भरेपर्यंत ते दुकानातल्या खोक्यात राहणार होतं. त्याच्या मनगटावर ते निवांत बसायचं.

एके दिवशी ते अचानक फुसकारून त्याच्या हातावर झेपावलं. व्हार्निशचा वास सोसत नसेल म्हणून त्याने दोन दिवस साबणाने हात घासले. तरी तेच. मग त्याने ते उजेडात निरखलं.

"डोळं दुधाळ झाल्यात. कात टाकणार हाय. दिसंना म्हणून भेतंय."

खोक्यावर फडकं टाकून तो बराच वेळ पान्हा पुसत बसला.

"आईला बी मोतीबिंदू हुता. शेवटच्या दिसांत घास भरवाय गेलं की हात झटकायची. मी लय वराडायचो तिच्यावर."



सापाला कान नसतात, हे त्यानेच मला सांगितलं होतं. तरी हल्ली खोक्यात पाणी ठेवताना तो आधी हळूच म्हणतो, "मी हाय गं. भिऊ नगंस."